गाडी हवा घेत होती

चौथी पास झाले आणि वडिलांनी मला शाळेतून काढून इंजिनापाशी बसवलं. माझं माहेर भीमेच्या पलीकडं, दौंड तालुक्यात, केडगावपासून दोन कोसांवर. नदीकाठी वडिलांचं डिझेल इंजिन होतं, त्याला पाणी उपसायचा पंप जोडलेला. माझं काम एवढंच, की दिवसभर तिथं बसायचं आणि पंपाचं पाणी तुटलं की शेतात वडिलांना हाक मारायची.

बसून बसून मला एक कळायला लागलं. पाणी तुटायच्या आधी आवाज बदलतो. नदीतून पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या जोडाला कुठंतरी बारीक फट पडते, पाण्याबरोबर हवा आत जायला लागते आणि तिची एक बारीक शीळ येते. इंजिन जोरात असलं तर पंप ती हवाही रेटून नेतो, कुणाला काही कळत नाही. इंजिन हळू केलं की तीच हवा त्याला भारी पडते. मग पंप आचके देतो आणि पाणी ओढायचं सोडतो. वडील त्या जोडावर ओलं शेण थापायचे, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळायचे. शेण लावल्याबरोबर शीळ थांबली तर फट तिथंच आहे हे पक्कं. माझं लग्न होईपर्यंत मी हेच ऐकत बसले. दुसरं शिक्षण मला नाही.

हे इतकं सांगायचं कारण म्हणजे एक मोटरसायकल.

तेव्हा मी केंदूरच्या बाजूला आमच्या वस्तीवर एकटी राहत होते. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. रांजणगावला कारखाने आले तसा मुलगा तिकडं लागला आणि कारेगावात खोली घेऊन राहिला. तो दिवाळीला यायचा, जत्रेला यायचा, दोन्ही वेळा घाईत असायचा. त्याचं चुकत होतं असं मी म्हणत नाही. शेत वाट्यानं दिलेलं, दावणीला एक म्हैस. सकाळी धार काढून दूध भरून ठेवलं की माझं काम संपायचं आणि दिवस पुढं तसाच पडलेला असायचा. कधी कधी संध्याकाळी लक्षात यायचं, की आज म्हशीशी सोडून कुणाशी बोलले नाही. म्हशीशी बोलायला मला लाज वाटत नाही, पण ती काही सांगत नाही.

दूध न्यायला एकजण मोटरसायकलवर यायचा. पन्नाशीला आलेला माणूस, दोन्ही बाजूंना दोन कॅन लटकवलेले. सगळ्या वस्त्या घेत घेत शेवटी माझ्याकडं यायचा आणि इथून मागं फिरून डेअरीला जायचा. गाडी चालूच ठेवायचा, माप घालायचा, वहीत लिहायचा, निघायचा. दोन मिनिटांचं काम.

एका दिवाळीनंतर त्याची गाडी बिघडली. रस्त्याला पळवली की चांगली पळायची. हळू केली, की आचके द्यायची, मध्येच फट्ट करून बंद पडायची. वस्त्यांचा सगळा रस्ता हळू चालवायचाच. माझ्या दारात येईतो इंजिन तापून लाल झालेलं असायचं. दारात गाडी बंद पडली, की तो दहा-पंधरा किका मारायचा, शिव्या द्यायचा, आणि मग ओट्यावर येऊन बसायचा. इंजिन गार झाल्याशिवाय ती चालू व्हायची नाही. त्याला अर्धा तास लागायचा.

पहिल्या दिवशी मी चहा केला. माणूस दारात बसलाय तर करावाच लागतो. दुसऱ्या दिवशीही केला. तिसऱ्या दिवशी चहाची वेळच ठरून गेली.

तो बोलका होता. कुणाची गाय व्याली, कुणी कुणाचा बांध कोरला, कोणत्या वस्तीवर सासू-सून एका चुलीवर दोन भांडी ठेवतात, सगळं सांगायचा. त्याला घरी बोलू देत नसावेत.

"मावशी, गाडीला तुमच्या चहाची चटक लागलीय बगा," तो म्हणायचा. "बराबर तुमच्या दारात येऊन बसती."

"चहा तू पितोस आणि नाव तिचं."

"आवो, मी पितो तवा ती गार व्हती. दोघांचं भागतं."

शिरूरला त्याचा एक मेस्त्री होता. दर चार-आठ दिवसांनी तो गाडी त्याच्याकडं न्यायचा आणि काय केलं ते मला ओट्यावर सांगायचा. आधी प्लग बदलला. मग पेट्रोलमध्ये कचरा आहे म्हणून टाकी धुतली. मग कार्बोरेटर खोलून साफ केला, तोही तीनदा. मग सायलेन्सर जाळून आतली काजळी काढली. दोन दिवस बरं वाटायचं, परत तेच.

"मेस्त्री म्हंतो, आता इंजिनच खोलाया लागंल."

"खोलू दे," मी म्हणाले.

इंजिन खोलायची गरज नव्हती. मला ते तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी दुधाची कासंडी घेऊन गाडीजवळ उभी होते, त्यानं रेस सोडली आणि इंजिन आचके द्यायला लागलं. त्या आचक्यांच्या आतून मला शीळ ऐकू आली. बारीक, नदीवरची. जोरात असलं की ठीक, हळू केलं की पाणी तुटतं. हिच्यात पाणी नव्हतं, पेट्रोल होतं, एवढाच फरक. गाडी कुठंतरी हवा घेत होती. शीळ कुठून येते तेही दिसत होतं. कार्बोरेटर जिथं इंजिनाला जोडतात तिथं एक काळं रबर असतं, तिथून.

मी बोलले नाही.

पहिल्यांदा वाटलं, मला गाडीतलं काय कळतंय. नंतर ते कारण राहिलं नाही. नंतर मी सरळ बोलत नव्हते. बोलले असते, तर गाडी नीट झाली असती, आणि नीट झाली असती तर तो दोन मिनिटं थांबून गेला असता. हे मला चांगलं माहीत होतं. मी सकाळी लवकर झाडून घ्यायचे, चहाची पातेली घासून उपडी ठेवायचे आणि लांबून आचके देत येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकत बसायचे. आवाज जितका वाईट, तितकं बरं वाटायचं. हे लिहायला चांगलं नाही, पण तसंच होतं.

सारा हिवाळा असा गेला. ऊन चढायला लागलं तसा तो बसल्या बसल्या कॅनवर ओलं पोतं टाकायचा आणि दर थोड्या वेळानं झाकण काढून वास घ्यायचा. दूध नासायची भीती. मला ते दिसत होतं. मी दुसरा कप पुढं करायचे.

शिमगा होऊन गेला असेल. एके दिवशी तो वेळेवर आलाच नाही. ऊन अंगणात आलं, दूध तसंच. मग बघते तर तो गाडी ढकलत येतोय, एक पाय ओढत. आमच्या अलीकडं एक ओढा आहे, त्याचा चढ चढताना गाडी बंद पडली, मागं घसरली आणि त्याच्या अंगावर आडवी झाली. पोटरी तापलेल्या सायलेन्सरखाली सापडली होती. पायजमा चिकटून निघाला होता आणि खाली कातडं पांढरं पडलेलं. एका कॅनला पोचा आला होता. त्यातलं दूध ओढ्याला गेलं.

"मावशी, आज गाडीनं ओढ्यातच चहा मागितला," तो हसत म्हणाला. मग म्हणाला, "तुमी वाट बघत आसाल म्हनून आधी हिकडं आलो."

मी परसातली कोरफड चिरून त्याच्या पायाला लावली. तो दात आवळून बसला. लावून झाल्यावर मी म्हणाले, "गाडी चालू कर."

"आता? हुईल चालू, पन मला जरा बसू द्या की."

"चालू कर म्हणते ना."

ढकलत आणली होती, त्यामुळं इंजिन निवलेलं होतं. तिसऱ्या किकला चालू झाली. थोडी तापल्यावर मी त्याला रेस सोडायला लावली. आचके सुरू झाले. मी गोठ्यात गेले, मूठभर ताजं शेण आणलं.

"आवो, आवो! सारवताय का काय गाडी?"

मी त्या रबरावर शेण थापलं, चारी बाजूंनी, बोट भाजू न देता. शीळ थांबली. दम लागलेलं माणूस खाली बसल्यावर शांत होतं तसं इंजिन शांत झालं, आणि एका लयीत चालायला लागलं. त्यानं रेस आणखी कमी केली. गाडी बंद पडली नाही. अगदी तळाला आणली. तरी नाही. म्हैस कान टवकारून बघत होती.

जरा वेळानं शेण वाळून गळून पडलं आणि परत आचके आले. त्यानं वाकून रबर दाबलं. त्याला नखाएवढी चीर होती. दाबलं की उघडायची, सोडलं की मिटायची. मेस्त्री प्रत्येक वेळी कार्बोरेटर साफ करून तेच रबर परत बसवत होता. गार असताना ती चीर दिसायचीच नाही.

"आयला," तो म्हणाला. "मावशी, तुमाला कसं कळलं?"

मी नदीवरच्या पंपाचं सांगितलं. तो ऐकत होता. मग त्याचा चेहरा जरा बदलला.

"कवा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच, म्हणाले असते तर खपलं असतं.

"दिवाळी झाल्यावर. गाडी बिघडली त्याच्या तिसऱ्या दिवशी."

तो पायाकडं बघायला लागला.

"मी त्या मेस्त्रीला आयमाय काढून शिव्या घालतोय. आन् तुमी रोज हितं बसून ऐकत व्हता?"

"व्हय."

"मग बोलला का न्हाई?"

"चहा टाकते," मी म्हणाले.

त्यानं चहा घेतला, पण उभ्यानं. कप ओट्यावर ठेवला, दूध मापलं आणि लंगडत गाडीवर बसून गेला.

दुसऱ्या दिवशी रबर नवीन होतं. गाडी अंगणात आली आणि चालूच राहिली, न अडखळता. त्यानं माप घातलं, वहीत लिहिलं, म्हणाला, "चला मावशी." मी पातेलं चुलीवर ठेवलं होतं, ते मी खाली उतरवलं. तो रागावला होता म्हणून थांबला नाही, का गाडी नीट होती म्हणून, ते मी विचारलं नाही. पायाचं विचारलं. "हाय बरा," म्हणाला. महिन्याभरात पाय भरून आला, डाग राहिला. पायजमा वर सरकला की दिसायचा. मी बघायचे.

पुढं तो बरीच वर्षं येत होता. त्याचं बोलणं तुटलं असंही नाही. गाडीवर बसल्या बसल्या एखादी बातमी सांगायचा, कुणी मेलं, कुणाचं ठरलं. इंजिन खाली चालू असायचं, त्यामुळं दोघांनाही मोठ्यानं बोलावं लागायचं.

एकदा पावसाळ्यात तो निघाला आणि गाडी फाटकातून वळताना मला खालून कटकट ऐकू आली. मी कासंडी खाली ठेवली आणि पळत गेले, त्या वयात जेवढं पळता येतं तेवढं.

"चेन सैल झालीय!" मी ओरडले. "आजच आवळून घे!"

त्यानं मान हलवली, हात वर केला. गाडी बंद केली नाही.

दुसऱ्या दिवशी कटकट नव्हती.