थर्मासातली कॉफी

एका बाहीला इस्त्री झाली होती, दुसरीला व्हायची होती. तेवढ्यात वहिनीने नवऱ्याचा तो ड्यूटीचा शर्ट उचलून नाकाला लावला. घाम, डिझेल, साबण. कॅरमेलचा वास कुठेच नव्हता. मग तिने खिसे उलटे केले. निघाला एक दातपडका कंगवा.

"मिळालं काही?" आतून नवऱ्याने विचारलं.

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं.

गल्लीत लहानथोर सगळे तिला वहिनी म्हणत, कारण नवरा सगळ्यांचा दादा. शहर बसचा ड्रायव्हर. धावत येणारी म्हातारी आरशात दिसली की गाडी थांबवणारा. व्यसन म्हणावं तर एकच, डेपोसमोरच्या दुकानातली थंडगार कॅरमेल कॉफी, वर क्रीमचा डोंगर. फेरी सुटण्याआधी एक, फेरी संपली की एक. दारू नाही, तंबाखू नाही, म्हणून वहिनीने त्या कॉफीला कधी नावं ठेवली नाहीत. मग रक्तात साखर निघाली, पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, आणि डेपोच्या डॉक्टरने स्वच्छ सांगितलं, "तीन महिन्यांनी, तेवढ्या दिवसांच्या साखरेची सरासरी कळते अशी तपासणी करू. साखर उतरली नाही तर तुम्हाला स्टिअरिंगवर बसवता येणार नाही."

स्टिअरिंगवरून उतरलेला ड्रायव्हर वहिनीने पाहिला होता. मागच्या गल्लीतच राहायचा. दिवसभर डेपोत जुने टायर रचायचा आणि घरी आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. बायकोशीही बोलत नसे.

तेव्हा वहिनीने पदर खोचला. दुकानात जाऊन एक कॉफी आणली, घरी चमच्याचमच्याने चाखली आणि तशीच घडवायला बसली. बिनसाखरेची गोड पूड आणून कॅरमेल करायला गेली. पूड वितळली, पाण्यासारखी झाली, पण रंग काही धरेना. ढवळून ढवळून हात भरून आले. "साखर निदान लाजून लाल तरी होते, या मेलीला लाजच नाही," म्हणत तिने ते भांडं घासायला टाकलं. शेवटी कडक कॉफी, दालचिनी, व्हॅनिलाचे दोन थेंब आणि बर्फ यांवर तिचं जमलं. दुधातही साखर असते असं कोणीसं म्हणालं, म्हणून दूध बंद केलं. त्याऐवजी ओट्स रात्री भिजवायचे, सकाळी बारीक वाटायचे, फडक्यातून पिळून काढायचे. ओट्स म्हणजे पथ्याचं खाणं. पुड्यावर हृदयाचं चित्र. याहून चांगलं काय देणार?

"अगं, ही कॉफी आहे की खळ?" पहिल्याच घोटाला तो म्हणाला.

"खळ तर खळ. गुपचूप प्या."

तो प्यायला. रोज मोठा थर्मास भरून न्यायचा आणि रिकामा आणायचा. पण घरी आल्यावर बोटाला सुई टोचली की यंत्रावरचा आकडा वरच. कमी व्हायचं नाव नाही.

त्याची बहीण औषधाच्या दुकानात कामाला होती. यंत्र तिनेच आणून दिलं होतं. ती म्हणाली, "दादा लहानपणापासून जिभेचा चोर आहे, वहिनी. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव."

वहिनीने ठेवलं. शर्ट हुंगले, खिसे चाचपले. रोज दिवा लावताना एकच मागणं, देवा, यांच्या जिभेला लगाम घाल. एकदा त्याला देवापुढे उभं करून शपथ घ्यायला लावली. त्याने घेतली. दुसऱ्या दिवशी आकडा तसाच.

"देवासमोरसुद्धा खोटं बोललात!" ती किंचाळली. त्यानंतर तो घरात फारसं बोलेनासा झाला. जेवायचा, उठायचा.

आणि आता तपासणी परवावर आली होती.

"इकडे या," वहिनीने अर्धवट शर्ट बाजूला सारला. "आज सुट्टी आहे. दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. खायचं नाही. मी देईन तेवढंच प्यायचं. मग बघू, साखर येते कुठून."

"बघ," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला, कैद्यासारखा.

सुई टोचली. एकशे चव्वेचाळीस. तो तिने दिलेली ग्लासभर कॉफी प्यायला. ती समोर बसून राहिली. तो मोरीकडे गेला तर ही दाराबाहेर उभी.

"आत कोण कॉफीवाला बसलाय का?" आतून आवाज आला. तिला हसू आलं नाही.

दीड-दोन तासांनी नणंद आली, तिच्यासमोरच पुन्हा सुई टोचली. दोनशे एकोणतीस.

"दादा, कुठे लपवलं होतंस रे?" नणंद म्हणाली.

त्याने लहान मुलासारखा आ केला. "बघ. शोध."

वहिनी त्याच्याकडे बघतच नव्हती. ती रिकाम्या ग्लासकडे बघत होती.

"वहिनी," नणंदेचा आवाज खाली आला, "यात दूध कसलं घालतेस?"

"ओट्सचं. घरी काढलेलं."

"अगं, ओट्स म्हणजे धान्यच की. भिजवून, वाटून, पिळून काढलेलं ते सगळं पीठ. त्याची साखरच होते. रोज थर्मासभर?"

मग तो म्हणाला, "खळ म्हटलं होतं मी."

"मग पीत कशाला राहिलात?"

"नसतो प्यायलो तर म्हणाली असतीस, दुकानातून पिऊन आलात."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. ती देवापुढे जाऊन बसली. इतके दिवस ज्याची चुगली याच देवाकडे केली, तो खरा निघाला होता आणि त्याला ते विष तिच्याच हातून गेलं होतं. ग्लास विसळता येतो. तीन महिन्यांचं रक्त कसं विसळणार? परवा आकडा निघेल, आणि तो दुकानात पाऊल न टाकताही स्टिअरिंगवरून उतरेल.

ती उठली. तोंडावर पाणी मारलं आणि चपला शोधू लागली.

"कुठे निघालीस?" नणंदेने विचारलं.

"डॉक्टरकडे. सांगते, यांनी काही केलं नाही, मी केलं. अजून तीन महिने द्या म्हणते."

"डॉक्टरने एकदा तारीख पुढे ढकललीये. आता नाही म्हणेल."

"म्हणू दे. माझ्या तोंडावर म्हणू दे."

नवरा खुर्चीतून उठला. "थांब, मी येतो."

"तुम्ही बसा. आधी काहीतरी खाऊन घ्या."

आणि वहिनी पुढची तारीख मागायला डेपोच्या डॉक्टरकडे निघाली.