संगणकाला कोण उठवतंय?

घरातलं यंत्र बिघडलं आणि दुकानातला माणूस म्हणाला, "सगळं पुसून टाकावं लागेल," तर तुम्ही त्याला कारण विचारता, की नुसती मान हलवता?

आमच्या घरात मान हलवायची पद्धत नाही. राजारामपुरीतल्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे घरकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेची कचेरी. मी बाराखडी शिकले ती पाठ्यपुस्तकातून नव्हे, ओल्या शाईच्या पत्रकांवरून. आई-आप्पांनी काढलेली सगळी पत्रकं त्या खोलीतल्या जुन्या संगणकात आहेत, आणि ती फक्त तिथेच वाचता येतात. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती बसवली, त्याची सीडी केव्हाच हरवली. दुसऱ्या संगणकावर फाईल उघडली की अक्षरांच्या जागी कंस, टक्के आणि चौकोन दिसतात.

तो संगणक झोपेनासा झाला. पावसाळ्यात आमच्याकडे वीज सारखी जाते. वीज गेली की आम्ही त्याला झोपवायचो, म्हणजे यूपीएसची म्हातारी बॅटरी तग धरायची. पण थोड्या वेळाने बघावं तर पडदा लखलखीत. मग बॅटरी संपायची आणि न साठवलेल्या दुरुस्त्या तिच्याबरोबर जायच्या.

"तू झोपवलाच नव्हतास," आई म्हणायची.

"झोपवलावता की," आप्पा म्हणायचे. "तूच हात लावला असशील."

मी तो रिक्षात घालून दुकानात नेला. दुकानदाराने डबा उघडायच्या आधीच निदान केलं.

"विंडोज मारायला लागतंय, ताई. सगळं क्लीन हुतंय बघा."

"पण झालंय काय?"

"करप्ट झालंय."

"काय करप्ट झालंय?"

"आता असं एकेक विचारत बसला तर दिवसभर एकच मशीन हुईल की माझं."

माणूस वाईट नव्हता. मागे रांग होती, आणि पुसून टाकणं सगळ्यात लवकर होतं. पण त्याच्या त्या 'क्लीन'मध्ये आमचं जुनं सॉफ्टवेअर जाणार होतं, आणि त्याच्याबरोबर माझ्या जन्माआधीपासूनची पत्रकं मुकी होणार होती. मी संगणक उचलून परत आणला. आप्पांनी विचारलं, "दुरुस्त झाला?" म्हटलं, "नाही. कारण सांगत नाहीत, म्हणून आणला." त्यांनी टेबलावरचे कागद हलवून मला जागा करून दिली.

मोबाईलवर शोधताना कळलं, की संगणकाला शेवटी कोणी उठवलं हे त्यालाच विचारता येतं. कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडायची, एक छोटी आज्ञा टाइप करायची, की तो सांगतो. आमच्याने उत्तर दिलं: माउस.

पण माउसला तर कोणी हात लावलेला नसायचा. वाटलं, तोच बिघडला असेल. शेजारच्या क्लासमधून दुसरा मागून आणून जोडला. तरीही तेच.

त्याच आठवड्यात मी लिहिलेलं पत्रक वाचायचं होतं. घरकामाला जाणाऱ्या बायकांना आठवड्याची सुट्टी मिळावी, यासाठीचं. आमच्याकडे वाचन वीज गेली, हातातलं काम थांबलं, की होतं, आणि लिहिणाऱ्याने स्वतः वाचायचं नाही. दुसऱ्याने दारात उभं राहून मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी दाराकडे तोंड करून ऐकायचं. वाक्य लागलं तर आप्पा टेबल वाजवतात, तळहाताने, एकदाच. ज्या परिच्छेदात टेबल वाजत नाही, तो कापायचा. हा नियम माझ्या वयाहून जुना आहे.

वीज गेली. मी संगणक झोपवला आणि पहिल्यांदाच दाराकडे पाठ करून पडद्यासमोर बसले. आई वाचू लागली. पहिला परिच्छेद गेला, टेबल गप्प. पडदाही काळा. मनात म्हटलं, हा परिच्छेद गेला. मग आई त्या ओळीवर आली:

"आम्ही तुमच्या घरची भांडी घासतो. आम्ही तुमच्या घरची भांडी नाही."

आप्पांचा हात आपटला. पत्र्याचं टेबल थरथरलं, त्यावरचा माउस जरासा सरकला आणि माझ्यासमोर पडदा उजळला.

मी हसत सुटले. आईने वाचन थांबवलं. "हसण्यासारखं काय लिहिलंयस?"

"आप्पा, परत वाजवा."

"उगंच कसं वाजवू? वाक्य वाच आधी."

आईने ओळ पुन्हा वाचली, त्यांनी पुन्हा वाजवलं, आणि या वेळी तिघांनीही पडद्याकडे बघितलं. इतकी वर्षं आम्ही सगळे दाराकडे बघत होतो. चांगल्या वाक्यावर आमच्या पाठीमागे आणखी कोणीतरी जागं होतंय, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"म्हणजे आता यांनी टेबल वाजवायचं बंद करायचं?" आईने विचारलं.

"मशीन बंद पडलं तरी चालंल," आप्पा म्हणाले.

दोन्हीची गरज पडली नाही. माउसच्या सेटिंगमध्ये 'या उपकरणाला संगणक जागा करू द्या' अशा अर्थाची एक चौकट असते. तिच्यातली खूण मी काढली. आता कळ दाबली तरच तो उठतो. आप्पांनी खात्री करायला टेबल असं वाजवलं, की चहाचा कप कलंडला. पडदा काळाच राहिला.

दुकानदाराला जाऊन सांगितलं, तर तो म्हणाला, "टेबल बदला की आधी." पण काळ्या खिडकीतली आज्ञा मात्र त्याने माझ्याकडून मोबाईलमध्ये लिहून घेतली.

माझं पत्रक आता त्याच संगणकात, आई-आप्पांच्या पत्रकांशेजारी आहे. पहिला परिच्छेद कापलेला. या घरात माझ्या ओळीवर टेबल वाजलं आणि माझ्या प्रश्नामुळे जुनं एक अक्षरही गेलं नाही. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही.

तुम्ही एवढंच करा. यापुढे कोणी म्हणालं, "सगळं पुसावं लागेल," तर हो म्हणायच्या आधी विचारा: का? उत्तर मिळालं नाही, तर यंत्र उचला आणि घरी आणा.