ओळखीच्या फाइली

मंगरूळपीरच्या बसस्थानकासमोर सादिकचं दुकान. बावीस वर्षं लोकांचे बंद पडलेले संगणक उघडून त्याच्या डोळ्यांचं पार पाणी झालं होतं, आणि लोक म्हणत, सावलीतलं काम आहे बुवा!

आसेगावच्या पंचफुलाबाईंनी नवऱ्याचा बंद पडलेला संगणक आणून दिला होता. पुंजाजी जाऊन आठ महिने झाले होते. त्यांनी स्वतः रचून गायलेलं भीमगीत त्यात होतं. त्यांचा आवाज म्हणून घरात दुसरं काही उरलं नव्हतं.

डिस्कमधून तीन लाख फाइली निघाल्या, पण एकीलाही नाव नाही. एवढं कोण ऐकत बसणार? सादिकपाशी त्यावर तोड होती. प्रत्येक फाइलीवरून संगणक आकड्या-अक्षरांची एक लांब ओळ काढतो, तिला हॅश म्हणतात. फाइलीचं नाव पुसलं तरी ती ओळ बदलत नाही, अंगठ्याच्या ठशासारखी. नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या अशा ओळींची यादी त्यानं जमवली होती. तिच्याशी जुळेल ते बाजूला सारायचं, उरेल ते त्या घरचं.

उरल्या सहाशे. लग्नं, वाढदिवस, एका बकरीचे अकरा फोटो. पुंजाजी कुठंच नाहीत. बाई तिसऱ्या खेपेला आल्या तेव्हा त्याला बोलायचाही कंटाळा आला होता.

“नाही भेटलं वैनी. सारं आयकलं मी.”

“काहून नाही भेटणार? त्या साली जयंतीले तुमीच तर ते साऱ्यायच्या मोबाइलात भरून देलं होतं.”

सादिकचा हात माउसवरच थांबला. कार्डात गाणी भरून देण्याचे दिवस होते ते. दुरुस्तीला आलेल्या डिस्कांतूनही तीच ती गाणी रोज पुढ्यात येत, म्हणून वैतागून त्यानं तीही सगळी यादीत घातली होती. हुशारी नडते ती अशी! त्यानं यादी उघडली. एका ओळीपुढं त्यानंच लिहिलेलं होतं: पुंजाजी, आसेगाव.

गाणं पहिल्याच दिवशी निघालं होतं, बाजूला सारलेल्या ढिगात. आधी खोकला, मग पेटी, मग पुंजाजी. बाईंनी स्पीकरवर हात ठेवला आणि गाणं संपेपर्यंत काढला नाही.

“इतके दिवस कुठं होतं हे?”

मशीनवर ढकलणं सोपं होतं. सादिकमध्ये तेवढंही बळ उरलं नव्हतं.

“ओळखीच्यायत टाकलं होतं, वैनी,” तो म्हणाला. “म्हणून आयकलंच नाही.”