प्रेमानं झाडून काढलेलं नुकसान

प्रेमा ही माझी पाठची बहीण. सख्खी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकलं की लोक म्हणतात, अशी एक बाई आमच्याही घरात आहे. नसते. मी मुलुंडपासून मालाडपर्यंत पुष्कळ घरं बघितलीत. तिची शाळा चौथीपर्यंत, माझी सातवीपर्यंत, पण आमच्या घराण्यात डोकं कधी शाळेवर अवलंबून नव्हतं. आता मी बाजूला होतो. गोष्ट तिची आहे.

श्याऐंशी साली प्रेमा मुलुंडला डोंगराच्या अगदी पायथ्याशी राहायची. वाडीत दोन ओळी. खालची ओळ विटांची, वरची कुडाची. म्हणजे बांबू, कारवी, वर डांबरी कागद, आणि उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून त्यावर गवत. प्रेमाचं घर वरच्या ओळीत, अगदी टोकाला. सगळी माणसं आपली, मालवण-कणकवलीकडची. तिचा नवरा काशीराम बोटीवर कामाला, वर्षातले दोन महिने घरी असायचा. बाकीचे दहा महिने घर चालायचं शिलाई मशीनवर. तिच्या हातचा ब्लाउज अंगावर असला की शेजारच्या कॉलनीतल्या बायका रस्त्यात थांबवून विचारायच्या, कुठं शिवलास गं.

आणि स्वच्छता तर विचारू नका. अंगणात पान पडलं तर झाडाला जाब विचारील अशी बाई. शेजारच्या सोनूबाई म्हणायच्या, "प्रेमाच्या दारात कावळापण पाय पुसून उतरतो."

त्या वर्षी शिमग्याच्या आठवडाभर आधी डोंगराला वणवा लागला. गवत सुकून कडकडीत झालेलं, वारा खालच्या दिशेनं. दुपारची वेळ, बरेचसे पुरुष कामावर. बायकांनी पोरं आणि शेळ्या काढल्या, म्हाताऱ्यांना धरून खाली आणलं. बंब आला, पण त्याचा पाइप वरच्या ओळीपर्यंत पोचेना. तासाभरात ओळ गेली. नऊ घरं. माणसाला मात्र चटका नाही बसला. सोनूबाईंची एक शेळी तेवढी घाबरून कॉलनीत पळाली, ती कुणाच्या तरी जिन्यात सापडली, तोंडात त्यांच्या कुंडीतलं झाड.

रात्री सगळे खालच्या ओळीत आणि बालवाडीच्या शेडमध्ये झोपले. सकाळी प्रेमा उठली, वर जाऊन उभी राहिली. सगळीकडे राख, काळे खांब, वितळलेली भांडी. तिला रडू आलं नाही, तिला घाण वाटली.

"सोनूबाई, शिमगो तोंडावर आलो," ती म्हणाली. "देव दारात येणार. त्याला राखेत उभा करणार काय?"

आमच्याकडे शिमग्याला पालखी दारोदार फिरते. मुंबईत आलो तरी वाडीनं छोटी पालखी केली होती, ती प्रत्येक घरासमोर थांबायची. आता घर नाही, पण दाराची जागा तर होती. झालं, बायकांनी पदर खोचले. राख घमेल्यांनी उचलली, त्यातली थोडी भांडी घासायला ठेवली, बाकीची ओढ्यात टाकली. तबेल्यातून शेण आणलं आणि नऊच्या नऊ घरांच्या जमिनी सारवून काढल्या. अर्धवट जळालेले खांब पुरुषांनी होळीच्या जागेवर नेऊन उभे रचले. "वणव्यानं अर्धं खाल्लं, उरलेलं होळी खाईल," प्रेमा म्हणाली. दशरथानं, म्हणजे सोनूबाईंच्या पलीकडच्या घरातल्या गड्यानं, वर जाऊन खाली बघितलं आणि म्हणाला, "वैनी, आग लागायच्या आधी एवढी चकाचक नव्हती आपली ओळ."

तिचं मशीन आगीत सापडलं होतं. लाकडी टेबल गेलं, चाक वाकलं, आतलं सगळं चिकटून बसलं. ते तिनं सोड्यानं धुतलं, चार विटांवर ठेवलं आणि वरून भरतकामाचं कव्हर घातलं. कव्हर तेवढं वाळत घातलं होतं खालच्या ओळीत, म्हणून वाचलं.

होळीच्या दिवशी दुपारी तलाठी आले. श्यामकांत भाऊसाहेब. बारीक माणूस, काखेत चामडी पिशवी, घाटावरचा. वर चढून आले, रुमालानं मान पुसली आणि बघतच राहिले. सारवलेले नऊ चौकोन, प्रत्येकासमोर रांगोळी.

"वणव्यात जळालेली वाडी हीच ना?" त्यांनी विचारलं.

"हीच," प्रेमा म्हणाली.

"जळालंय काय पण? ही तर लग्नाची जागा वाटते."

मग त्यांनी समजावलं. पंचनामा करायचा. काय जळालं ते डोळ्यांनी बघायचं, घरमालकानं सांगायचं, खाली पंचांच्या सह्या. तो कागद कचेरीत गेला की घराला पत्रे-बांबू, भांड्यांना आणि धंद्याच्या सामानाला मदत. सगळं पावसाळ्याच्या आधी.

"बोला," ते सोनूबाईंकडे वळले. "तुमचं काय गेलं?"

सोनूबाईंनी पदर सारखा केला. "काय नाय ओ. असंच, थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"होतं आपलं काय ते. चालायचंच."

दशरथाला विचारलं. तो म्हणाला, "आपलं बरं चाललंय साहेब. चाय मारणार?"

पुढचा म्हणाला, जुनंच होतं सगळं. त्याच्या पुढचा म्हणाला, देवाच्या दयेनं जीव वाचला, बस. आता आमच्या लोकांचं हे असं आहे. घर जळून जाईल, पण परक्या माणसासमोर, त्यातून सरकारी माणसासमोर, आमचं गेलं हो म्हणून हात पसरायचा म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. मला विचाराल तर यात वावगं काही नाही. पण तलाठ्याच्या कागदाला ते कुठं कळणार.

भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "हे बघा बाई, मी दिसतं ते लिहितो आणि सांगतात ते लिहितो. इथं दिसत काही नाही आणि सांगत कुणी नाही. वर कागद गेला की पुन्हा उघडत नाही. मग जूनमध्ये माझ्याकडे यायचं नाही."

प्रेमानं त्या सारवलेल्या चौकोनांकडे बघितलं. राख तिनं काढायला लावली होती. शेण तिनं आणलं होतं. नऊ घरांचा पावसाळा तिनं स्वतःच्या हातानं झाडून ओढ्यात टाकला होता.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "आज सणाचा दिवस. उपाशी नाय जायचं. खालच्या चुलीवर पुरणपोळ्या चालल्यात. होळीचं गाऱ्हाणं ऐका, जेवा, मग जावा."

"मला ठाण्याला जायचंय."

"तूप घरचं आहे."

भाऊसाहेब बसले.

त्यांच्यासमोर पहिली पोळी ठेवून प्रेमा तडक सीतारामदादांकडे गेली. सीतारामदादा वाडीतले जुने, गिरणीतून बाहेर पडलेले. वाडीचं गाऱ्हाणं तेच घालायचे. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून गावाच्या वतीनं मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं.

"दादा, आज गाऱ्हाण्यात घरागणिक सांगा. कुणाचं काय जळालं, एकेक वस्तू."

"देवाच्या गाऱ्हाण्यात कचेरीचं काम घालतेस?"

"खोटं थोडंच सांगायचंय? माणसाला सांगायला लाजतात, देवाला सांगायला कसली लाज? आणि देवाला सांगताना मध्ये कोण तलाठी बसला असेल तर तो त्याचा प्रश्न."

दादा हसले. मग म्हणाले, "आणि तुझं घर?"

"माझं नका घालू. माझ्यामुळं झालं हे. वाडीचं होऊ दे."

"प्रेमा—"

"नको म्हटलं ना."

दिवे लागायच्या वेळी सगळे होळीभोवती जमले. भाऊसाहेब चार पोळ्या खाऊन सुस्तावून एका दगडावर बसले होते. सीतारामदादांनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, डोंगराच्या राखणदारा, आज तुझी लेकरा शिमग्याक तुझ्या पायाकडे उभी आसत."

"व्हय म्हाराजा."

"ह्या दशरथाचा घर, कुडाचा, आठ खांबांचा, गेला रे म्हाराजा. त्येचो पलंग गेलो, पोरांची कापडा गेली, तांदळाची गोण गेली. तेका पुन्हा उभो कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

दशरथ सगळ्यात मोठ्यानं म्हणाला. दुपारी "बरं चाललंय" म्हणणारा.

"ही सोनूबाय. तिची भांडी गेली, दोन पेटारे गेले, गाद्या गेल्या, शेळयेचा खोपटा गेला. तिका भरान दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सोनूबाई म्हणाल्या, आणि हळूच जोडलं, "कुकरपण."

"कुकर पण गेलो रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

प्रेमा देवाकडे बघत नव्हती, ती भाऊसाहेबांकडे बघत होती. तिसऱ्या घराला ते सावरून बसले. चौथ्याला पिशवी उघडली. पाचव्याला मांडीवर कागद घेऊन लिहायला लागले, आणि एकदा तर गडबडीत त्यांच्याही तोंडून "व्हय म्हाराजा" गेलं. बायका पदरात हसल्या.

आठ घरं झाली. दादांनी एकवार प्रेमाकडे बघितलं. तिनं मान हलवली. त्यांनी नारळ वाढवला.

दशरथ चूड पेटवून पुढं झाला, तेवढ्यात भाऊसाहेब उठून होळीजवळ आले. खांबाला हात लावला. हात काळा झाला.

"थांब रे. ही लाकडं आधीच जळालीत. होळी पेटवून विझवली होती काय?"

"साहेब, ही आमची घरं आहेत," दशरथ म्हणाला.

भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला, म्हणजे कपाळही काळं झालं. "अरे मग दुपारपासून हे मला कुणी दाखवलं नाही? उद्या माझ्या वरचे सर्कल साहेब तपासायला येतील, त्यांना हेच तर बघायचंय. पेटवू नका हे."

आता पंचाईत. उभी केलेली होळी पेटवायची नाही म्हणजे काय? दोन-तीन म्हातारे तापले. कुणी म्हणालं अपशकुन, कुणी म्हणालं सरकारचा काय संबंध. प्रेमा मध्ये उभी राहिली.

"दादा, देवाला लाकूड किती लागतं?"

सीतारामदादांनी दाढी खाजवली. "देवाक भाव लागता. पण आंब्याची एक फांदी तरी हवी."

मग काय, सगळे हसत हसत कामाला लागले. खांब उपटून ज्याचे त्याच्या सारवलेल्या चौकोनात नेऊन ठेवले. प्रत्येकाला आपापला खांब ओळखू येत होता, कुणाच्या खांबाला खिळा, कुणाच्या खांबाला बिजागरी. भाऊसाहेबांनीही एक उचलला. होळी झाली आंब्याची एक फांदी, पाच गोवऱ्या आणि पेंढा. गुडघ्याएवढी. खालच्या ओळीतला एक जण म्हणाला, "ही होळी हाय का शेगडी?" प्रेमा म्हणाली, "तुझ्या घराला आग लागली की मोठी करू." सगळ्यांनी बोंब ठोकली, भाऊसाहेबांनी सगळ्यात लांब.

दुसऱ्या दिवशी सकाळी, धुळवडीची सुट्टी असूनही, जीप आली. सर्कल साहेब आणि भाऊसाहेब. पोरांनी जीपच्या काचेवर आधीच गुलाल मारला होता. साहेब जाडजूड, घाईतले, त्यांना घरी रंग खेळायला परत जायचं होतं. भराभर एकेका चौकोनाशी गेले, खांब बघितले, भाऊसाहेबांचा कागद बघितला, मान डोलावली, सह्या घेतल्या. आठ घरं झाली.

मग ते टोकाला आले.

"चौकोन नऊ आहेत. नावं आठ. हे कुणाचं?"

"माझं," प्रेमा म्हणाली.

"काय गेलं?"

"काय नाय."

साहेबांनी कव्हर घातलेल्या मशीनकडे बघितलं. "मशीन तर शाबूत दिसतं." आणि ते वळले.

"थांबा ओ साहेब," सोनूबाई म्हणाल्या. कालपर्यंत ज्यांच्या तोंडातून थोडंसंच्या पुढं शब्द निघत नव्हता, त्या. त्यांनी पुढं होऊन कव्हर ओढलं. खाली वाकलेलं चाक, काळं पडलेलं लोखंड. "हे मशीन. हिचं पोट यावर चालतं. सेकंडहँड होतं, पण चांगलं चालायचं."

"आणि तिची पितळेची घागर गेली," दशरथ म्हणाला.

"लाकडी कपाट," मागून सीतारामदादा. "जुना होता."

"साड्या पाच-सहा," कुणीतरी.

भाऊसाहेब लिहीत होते. प्रेमा एवढा वेळ ओठ घट्ट मिटून होती. आता तिचं नाक फुललं.

"सेकंडहँड कुणाचं?" ती सोनूबाईंवर उखडली. "नवं कोरं घेतलंय, काशीरामनं पहिल्या बोटीच्या पगारात. पावती होती, तीही जळाली. आणि दशरथ, घागर पितळेची नव्हती, तांब्याची होती, माझ्या आईनं दिलेली. काय पण सांगतोस. दादा, कपाट जुनं कसं? गेल्या गणपतीला आणलं, तुम्हीच नाय का वर चढवायला हात लावलात? साड्या पाच-सहा म्हणे. अकरा, त्यात एक पैठणी. शिवाय गिऱ्हाइकांचे सात ब्लाउज, त्यातले चार हूक लावून तयार. लिहा भाऊसाहेब, बघत काय बसलात?"

"लिहितोय बाई."

"बांबू बारा. कडी पितळेची. पुढं दोन खुर्च्या—"

सर्कल साहेबांनी एकदा जीपकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग दशरथानं खालून आणलेल्या स्टुलावर ते हळूच टेकले आणि भाऊसाहेबांना म्हणाले, "दुसरा कागद काढा."