रविवार उपवासात धरत नाहीत

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, त्या आमच्या वसतिगृहाच्या बाई. माझे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जात आणि मला नगर जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या मिशन वसतिगृहात सोडून जात. अकरावीत असताना मीही शाळा सोडून टोळीबरोबर निघालो होतो. सामान ट्रकमध्ये चढलं होतं. बाई येऊन ट्रकच्या पुढं उभ्या राहिल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "पोराची पिशवी खाली द्या. मग जा." मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो तो त्या पिशवीमुळं.

आता मी पीथमपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि इंदूरला अन्नपूर्णा भागात राहतो. गेल्या वर्षी बाईंच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, म्हणून त्यांना ऑपरेशनसाठी घेऊन आलो. त्यांनी लग्न केलेलं नाही. वसतिगृह केव्हाच बंद झालं आहे आणि त्या त्याच आवारातल्या एका खोलीत एकट्या राहतात. डोळा बरा झाला तरी त्यांना परत जाऊ द्यायचं नाही, असं मी आणि पत्नीनं ठरवलं होतं. बाईंना मात्र सांगितलं नव्हतं.

त्यांच्यासाठी आम्ही मुलीची खोली रिकामी केली. एसी होता, जाड गादी घेतली, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. बाईंनी तळहातानं गादी दाबून पाहिली.

"यात माणूस बुडायचं रे," त्या म्हणाल्या.

"मऊ आहे, बाई. पाठ दुखणार नाही."

"पाठीला काय, सवय लागली की तीही लाडावते."

डोळ्यावरची पट्टी निघाली त्याच आठवड्यातला रविवार. आमच्या इमारतीतल्या पुरुषांचा रविवारी सकाळी एक कार्यक्रम असतो. कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्यानं पोहे खायचे, वर शेव आणि जिरावण मसाला, सोबत गरम जिलबी. मग तासभर गप्पा. इंदूरला नवीन आलो तेव्हा आम्ही एका हिंदी चर्चला जायचो. भाषा वेगळी, चाली वेगळ्या. एकदा पाऊस होता, एकदा मुलीला ताप होता, आणि जाणं हळूहळू थांबलं. ती वेळ पोह्यांनी घेतली. वाईट काही नव्हतं त्यात. माणसं चांगली, जिलबीही चांगली. दुपारी मात्र मन उगाच रिकामं व्हायचं आणि मी टीव्ही लावायचो.

त्या रविवारी बाईंसाठी जिलबी बांधून आणली. त्यांना भेटायला शेजारीही माझ्याबरोबर वर आले. चार पिढ्या इंदूरला काढलेलं मराठी घर त्यांचं. बाई पांढरं लुगडं नेसून, काळा चष्मा लावून, बायबलची पिशवी मांडीवर घेऊन दाराजवळ बसल्या होत्या.

"उपासना किती वाजता असते इथं?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात पत्नी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "अहो, उपवासकाळ चालू आहे ना. जिलबी काय आणलीत?"

मला खरंच आठवण राहिली नव्हती. वसतिगृहात भस्म बुधवारपासून पुनरुत्थान दिनापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, प्रत्येक मूल आपल्या सर्वांत आवडीची एक वस्तू सोडायचं. मी गूळ सोडायचो. साखर कारखान्यावरून कुणाबरोबर तरी आईनं पाठवलेली ढेप माझ्या पत्र्याच्या पेटीत तशीच राहायची. पेटी उघडली की कपड्यांना गुळाचा वास यायचा आणि मला आईची इतकी आठवण व्हायची की पेटीवर डोकं टेकून बसायचो. बाई म्हणायच्या, "सोडल्यावरच कळतं लेकरा, आपल्याला नेमकं काय हवंय ते."

मी पुडा घेऊन स्वयंपाकघराकडं वळलो. शेजाऱ्यांनी अडवलं.

"अरे भिया, कुठं नेताय? माताजी, इंदौरला येऊन जलेबी नाही खाल्ली, तर वरती भगवान पण विचारेल, मग गेल्या कशाला होत्या?"

"तो काय विचारणार ते मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "त्यात जिलबी नाही." मग माझ्याकडं हात पुढं केला. "पण आण इकडं. थंड होईल."

"बाई, उपवासकाळ आहे."

"आणि आज वार कोणता? रविवार उपवासात धरत नाहीत. इतकी वर्षं माझ्याजवळ राहून एवढंही विसरलास? प्रभू उठला तो वार आहे. रविवारी तुला गुळाचा खडा कोण द्यायचं?"

त्याच द्यायच्या. उपवास तेवढा आठवला होता, खडा विसरलो होतो.

बाईंनी जिलबी अगदी सावकाश खाल्ली. बोटांचा पाक चाटला.

"फार छान," त्या म्हणाल्या.

"और एक घ्या ना, माताजी."

"नको. आणखी चार खाल्ल्या तरी तोंड धुतलं की सगळं सारखंच. देवानं दिली, खाल्ली, आभार मानले. चल रे, गाडी काढ."

चर्चमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसलो. एका हिंदी गीताची चाल बाईंच्या ओळखीची निघाली. त्यांनी कापऱ्या आवाजात मराठी शब्द म्हणायला सुरुवात केली. पुढच्या बाकावरची माणसं वळून पाहू लागली. मला वाटलं, मीही गावं. पहिली ओळ आठवली, दुसरी नाही. स्वतःच्या घरात राहत असूनही घरी जावंसं वाटावं, तसं काहीतरी झालं. ते गावाबद्दल नव्हतं. गावी जाऊन ते शमत नाही हे मी पाहिलेलं आहे.

बाई पहाटे उठून मोठ्यानं प्रार्थना करतात. वसतिगृहातल्या एकेका मुलाचं नाव घेतात, जिवंत असो वा नसो. भिंतीपलीकडून रोज माझं नाव ऐकू यायचं, मग पत्नीचं, मग मुलीचं. मी डोळे मिटून त्याची वाट पाहत पडायचो.

डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली त्या दिवशी मी विषय काढला. "बाई, आता इथंच राहा. तिकडं कोण आहे तुमचं?"

"कबरस्तान आहे," त्या म्हणाल्या. "पुनरुत्थान दिनाच्या आधी कबरींना चुना द्यायचाय. ज्यांचं कुणी नाही त्यांच्या कबरींचं मीच करते. उठतील तेव्हा अंगण नको का झाडलेलं?"

"ते करून परत या. मी न्यायला येतो."

"तुझं घर फार चांगलं आहे, लेकरा. तीच भीती आहे. इथं राहिले तर मला इथून जावंसं वाटणार नाही. आणि माझी तर निघायची वेळ जवळ आली."

पत्नीला रडू आलं. बाईंनी तिला जवळ घेतलं, पण निर्णय बदलला नाही. मी त्यांना गावी पोहोचवलं. त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यात त्या म्हणाल्या, "मला ठेवून घेऊन तुला काय हवं होतं, ते सांगितलंच नाहीस."

मी त्यांची पिशवी आत ठेवली आणि निघालो. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून उत्तर इंदूरला आल्यावर लिहिलं:

"प्रिय बाई यांस सप्रेम सलाम.

तुम्ही विचारलं त्याचं उत्तर देतो. तुमची सेवा करायची होती हे खरं आहे, पण अर्धंच. माझ्या घरात कुणीतरी माझ्यासाठी देवाशी बोलत राहावं, म्हणजे मला बोलावं लागणार नाही, असं मला वाटत होतं. तुम्ही राहिला असता तर मी आयुष्यभर भिंतीच्या अलीकडं पडून राहिलो असतो.

आता पहाटे जाग येते आणि घर शांत असतं. उठून बसतो. काय म्हणावं सुचत नाही. पहिल्या दिवशी नुसतं तुमचं नाव घेतलं. काल पत्नीचं आणि मुलीचं घेतलं. स्वतःसाठी काय मागायचं ते अजून कळत नाही, पण मागावंसं मात्र फार वाटतं. एवढं पुरतं का, बाई?

तुम्ही परत या असं आता म्हणणार नाही. तुम्हाला निघायचं असेल तेव्हा निघा. फक्त तिथं पोहोचल्यावर, जशा ट्रकपुढं उभ्या राहिलात तशा माझ्यासाठी दाराशी थोडा वेळ थांबा. मला यायला उशीर होईल, पण मी येतोय.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी."