हाताची किक

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. भाड्याच्या घरांत कचेऱ्या सुरू झाल्या, रंग ओला असतानाच पाट्या लागल्या. पुढं एक-दोन वर्षांत शिक्षकांच्या नव्या याद्या लागल्या आणि घरापासून दहा मिनिटांवर शिकवणारी मी चौदा किलोमीटर लांबच्या गावात गेले. माझा उजवा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, त्याला जोडलेला जाड बूट. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून शाळा दीड किलोमीटर. ते अंतर मी महिनाभर चालले आणि बाबांना नांदेडला पत्र टाकलं, की मला गाडी करून द्या.

बाबा नांदेडला एसटीच्या डेपोत फिटर होते. माय माझ्यासोबत लातूरला राहायची, बाबा सुट्टीला यायचे. त्यांनी एक जुनी मोटरसायकल मिळवली, तिचं मागचं चाक काढून तिथं आडवा रॉड बसवला आणि रॉडच्या दोन्ही टोकांना दोन चाकं लावली. ब्रेक हातात घेतला. अशी माझी तीनचाकी झाली. चेन फक्त डाव्या चाकाला होती, त्यामुळं वेग घेताना गाडी सारखी उजवीकडं ओढायची, आणि शाळेत पोचेपर्यंत माझा खांदा भरून यायचा. तेही मी चालवून घेतलं. चालवून घेता येत नव्हती ती किक. किक उजव्या पायाची होती, आणि तोच पाय माझ्याकडं नव्हता.

सकाळी गल्लीतलं कुणीतरी किक मारून द्यायचं. शाळा सुटल्यावर शिपाई मारायचा. वाटेत गाडी बंद पडली की मी सीटवर बसून राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची, "दादा, जरा किक मारून देता का?" ते वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की मोजदाद नाही. काही माणसं चांगली असायची. काही किक मारायच्या आधी चौकशी करायची, कुठली, कुणाची, लग्न झालंय का.

त्या साली पाऊस झालाच नाही. रब्बी पेरलीच नाही कुणी. दिवाळीनंतर गाव निम्मं रिकामं झालं, उरलेले रोजगार हमीच्या खडी फोडायच्या कामावर. एका शनिवारी शिपाई रजेवर होता, शाळेतले दुसरे गुरुजी लवकर निघून गेले. मी शाळेला कुलूप लावलं, गाडीवर बसले आणि पाहिलं, तर आसपास चिटपाखरू नव्हतं. सव्वाबारापासून साडेतीनपर्यंत मी त्या गाडीवर बसून होते. उतरून, एका हातानं सीट धरून, दुसऱ्या हातानं किक दाबून पाहिली. दोनदा पडले. शेवटी खडीवरून परतणाऱ्या एका म्हाताऱ्यानं किक मारून दिली. मी त्याला धड "बरं झालं आलात" असंही म्हटलं नाही, इतका राग आला होता. त्याचा नव्हता. कुणाचा होता ते मला आजही नीट सांगता येत नाही.

घरी आल्याबरोबर मी बाबांना लिहिलं, की या हिवाळ्यात मला हातानं चालू होणारी गाडी पाहिजे.

बाबा महिन्याची रजा टाकून आले, पत्र्याची पेटी घेऊन. पेटीत पाने, पेचकस, छन्नी, हातोडी, करवत. आमची गल्ली उताराची, म्हणून गाडी विहाराच्या बाजूच्या पटांगणात नेली आणि खोलायला घेतली. मला वाटलं होतं आठ दिवसांचं काम. आठ दिवसांत नुसते गंजलेले बोल्टच निघाले. पार्ट धुवायला पाणी नव्हतं, रॉकेलनं धुतले. वारा सुटला की धुतलेल्या पार्टवर पुन्हा धूळ बसायची. वेल्डिंगवाल्याकडं गेलं की वीज नसायची, वीज असली की त्याच्यापुढं टँकरच्या दुरुस्तीची रांग असायची. आणि गाडी खोललेली, म्हणजे मी रोज फाट्यावर उतरून चालत. संध्याकाळी पायाला पट्ट्यांचे वळ घेऊन परत यायचं आणि पटांगणात बघायचं, काल होती तशीच.

मी शेजारी बसायची. पाना हातात घेतला की बाबा म्हणायचे, "राहू दे बाई, हात काळे हुतेत. तू फकस्त मागीन ते दे."

"बाबा, रस्त्यात बंद पडली तर तुम्ही असणारात का?"

"तवाचं तवा बघू."

त्यांनी चौदा नंबरचा पाना मागितला की मी चौदा नंबरचा द्यायची, आणि आतल्या आत धुमसायची.

मग माय पटांगणात आली. गल्लीच्या नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही कधी यायचं नाही. टँकरवर भांडणं व्हायची, मायची घागर एकदा त्यात चेंबली होती. ती बाबांना म्हणाली, "मागं कॅन ठिवाया जागा करा की. हिच्या शाळंच्या गावात हिरीला पानी हाय म्हनं. यायचंच हाय रोज, तर चार कॅन घिऊन यील."

बाबांचा चेहरा उजळला. मी दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर किकचा दांडा तसाच पडलेला आणि गाडीच्या मागं अँगलचा चौकोनी कठडा वेल्ड झालेला. त्या दिवशी नेमकी वीज होती.

"मला विचारलं का?" मी म्हटलं.

"इचारायचं काय त्यात? पान्याचा सवाल हाय."

"मी किकसाठी बोलावलं होतं तुम्हाला."

"करून राहिलो ना ते बी. म्या काय दुश्मन हाय का तुझा?"

माय दिवसातून तीन वेळा डोक्यावर घागर घेऊन चढ चढायची, ते मला दिसत होतं. गाडी जोडली, जुनीच किक ठेवली, आणि मी चार कॅन घेऊन निघाले.

विहीर गावातल्या एका कास्तकाराची होती. माणूस भला होता, "मास्तरीणबाई, न्या की, पोरांना शिकवता आमच्या" म्हणाला. मी विहिरीकडं निघाले तशी त्याची बायको पुढं झाली. "तुम्ही का तरास घेता, म्या शेंदते." मी बौद्ध वस्तीतली हे त्या गावाला माझ्या आधीच कळलेलं होतं. मी कॅन खाली धरायची, ती उंचावरून ओतायची. एक थेंबही ती कमी ओतत नव्हती. पण पोहरा कॅनच्या तोंडाला लागू नये म्हणून तिचा हात जिथं थांबायचा, तिथं माझी नजर जायची. असं मी पाच दिवस पाणी आणलं आणि घरी काही सांगितलं नाही.

सहाव्या दिवशी गावाबाहेरच्या खड्ड्यात गाडी आपटली आणि मागून कडाड आवाज आला. उजव्या चाकाचं वेल्डिंग सुटलं होतं. चाक आडवं झालं, कठडा कलला आणि तीन कॅन रस्त्यावर पडले. दोन कॅनची झाकणं उडाली. ते पाणी मातीत जाताना मी बघत होते. उतरून, वाकून, कॅन उभा करेपर्यंत सगळं संपणार हे मला कळत होतं, आणि तसंच झालं. शेळ्या घेऊन एक बाई चालली होती. ती पळत आली, एक कॅन तिनं उभा केला, त्यात चौथाई पाणी राहिलं. शेळ्या खड्ड्यातल्या गढूळ पाण्यावर तुटून पडल्या. तिनं त्यांना हाकललं नाही, माझ्याकडं बघितलं.

"पिऊ द्या," मी म्हटलं.

खडीच्या ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी घरी आणली. बाबा पटांगणातच होते. त्यांनी आधी मला बघितलं, मग चाक, मग वाकून सुटलेलं वेल्डिंग.

"वझं जास्ती झालं," ते म्हणाले. "अजून एक पट्टी मारतो, मंग हलत न्हाई."

"पट्टी नको. कठडाच नको."

"पानी आनायची लाज वाटती का तुला?"

तेव्हा मी सांगितलं. विहीर, पोहरा, उंचावरून पडणारं पाणी, सगळं. आवाज चढला होता, आजूबाजूचे लोक बघत होते. "मी शाळेत त्यांच्या पोरांचा हात धरून अक्षर गिरवते बाबा, आणि पाण्याला माझा हात चालत नाही. आणि ते पाणी माझ्याच गाडीवरून आणायचं. आणि गाडी चालू करायला परत त्यांनाच हाक मारायची!"

बाबांनी हातातला पाना पेटीत ठेवला आणि ते घरात गेले. माय दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "आदी सांगायचं न्हाई का?" तेवढंच.

सकाळी मी उठले तर पटांगणातून करवतीचा आवाज येत होता. बाबांनी कठडा कापून काढला होता. त्याचेच अँगल त्यांनी चाकाच्या जोडाला आधार म्हणून लावून घेतले. मग किकचा दांडा हातात घेतला. जुन्या सायकलचा पाइप किकच्या मुळाशी जोडून वर उजव्या मांडीजवळ आणला, त्याला रबराची मूठ बसवली. बसल्या जागी मागं ओढायचा. दोन दिवस ते जेवायच्या वेळेशिवाय बोलले नाहीत. मीही नाही. तिसऱ्या दिवशी रजा संपली. मी शाळेत असतानाच ते गेले, पेटी मागं ठेवून. दांडा बसवला होता, पण मला बसवून त्याची चाचणी केली नव्हती. माझ्या मनात आलं, थोडं थांबता आलं नसतं का? मग आलं, मी तरी कुठं थांबवलं?

रविवारी मी बसले आणि दांडा ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. पाचव्या वेळी इंजिननं उलटा झटका दिला. दांडा उलटा उसळून मनगटावर असा बसला की डोळ्यांपुढं अंधारी आली. मनगट सुजून टम्म. आठवडाभर खडू धरता येईना, मुलांकडून फळ्यावर लिहून घेतलं. आणि परत फाटा, परत दीड किलोमीटर. हिवाळा निम्म्याच्या वर सरला होता, आणि माझ्याकडं एक न चालणारी गाडी आणि एक न चालणारा हात होता. मायनं हळद लावता लावता म्हटलं, "जाऊ दे ती गाडी." मी तिच्यावर ओरडले. मग तिची माफी मागायलाही लाज वाटली.

डाव्या हातानं मी बाबांना कार्ड लिहिलं. नमस्कार-चमत्कार काही नाही, फक्त, दांडा उलटा मारतो, काय करू?

चौथ्या दिवशी उत्तर आलं. बाबांचं अक्षर मोठं आणि तिरपं. "टायमिंग पुढं गेलं आहे. पॉइंटच्या दोन टोकांमधली फट जास्त असल्यावर ठिणगी वेळेआधी पडते. उजवीकडचं झाकण खोल. दोन स्क्रू. खाली चित्र काढलं आहे. फट पूर्ण उघडेल असं आतलं चाक फिरव. मग ह्याच कार्डाचा तुकडा कापून फटीत घाल. जेमतेम सरकला पाहिजे. हे तुझ्या हातानं कर. कुणाला करू देऊ नको." खाली दोन गोल आणि बाण असलेलं चित्र.

"तुझ्या हातानं कर" हे मी बऱ्याच वेळा वाचलं.

सूज उतरल्यावर पटांगणात चादर टाकून मी जमिनीवर बसले, कॅलिपर काढून बाजूला ठेवला. झाकणाचा एक स्क्रू सहज निघाला, दुसऱ्यानं दुपार खाल्ली. त्याची खाच झिजली होती. छन्नी लावून ठोकत ठोकत काढला, बोटाची साल गेली. आत काळी घाण. रॉकेलच्या फडक्यानं पुसली. कार्डाची कड कात्रीनं कापली आणि फटीत घातली, तर ती ढिली पडून खालीच गेली. फट खरंच जास्त होती. स्क्रू सैल करून फट कमी केली, तर कार्ड शिरेना. परत सैल केला. आवळताना फट बदलायची. असं किती वेळा झालं मी मोजलं नाही. दोनदा पेचकस फेकून दिला, दोनदा सरपटत जाऊन उचलून आणला. ऊन विहाराच्या भिंतीवर चढलं तेव्हा कार्ड एकदाचं अडत अडत सरकलं.

दांडा ओढायला हात होईना. उलटा झटका आठवून बोटं आपोआप सुटायची. शेवटी डोळे मिटून ओढला. तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं. धूर, फटफट आवाज, सगळी गाडी थरथरत होती. माय पिठाच्या हातानंच बाहेर आली. मला वाटलं होतं त्या क्षणी फार आनंद होईल. मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं, इतके दिवस लागले म्हणून होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी गाडीनं शाळेत जाऊ लागले. वाटेत बंद पडली की दांडा ओढायची. कधी दुसऱ्या ओढीला लागायची, कधी दहाव्या. उजवीकडं ओढणं तसंच राहिलं, खांदा तसाच भरून यायचा. ते काम त्या हिवाळ्यात झालं नाही, नंतरही कधी नीट झालं नाही. माय टँकरच्या रांगेत जात राहिली. सुट्टीच्या दिवशी मी तिची घागर घेऊन रांगेत उभी राहायची, तेवढंच माझ्याकडून व्हायचं.

फाल्गुनात बाबा दोन दिवसांसाठी आले. मी त्यांना पटांगणात नेलं, सीटवर बसले, दांडा ओढला. चौथ्या वेळी लागली. बाबांनी डोकं हलवलं, शाबासकी वगैरे दिली नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून चेनीला बोट लावलं.

"ढिली हाय. पाना आन."

"राहू द्या बाबा. मी बघते."

ते क्षणभर वाकलेलेच राहिले. मग उठून विहाराच्या पायरीवर जाऊन बसले. मी पेटी उघडली, खाली बसले आणि चेन ताणायला घेतली. बोल्ट माझ्यानं हलत नव्हता. बाबा बघत होते. ते उठले नाहीत, आणि मी हाक मारली नाही. मी पाना दोन्ही हातांनी धरला आणि परत जोर लावला.