आबांचा करंट

डोक्याला पट्टा बांधला की आबा डोळे मिटायचे, तळहात गुडघ्यांवर ठेवायचे आणि आरतीआधी देवळात थांबावं तसे गप्प बसायचे. मग करंट आला की एकदम मान हलवून सांगायचे, "उना ताई, करंट उना."

शहाद्याला आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत ते कळसाडीहून यायचे. घरची केळीची शेती, डोक्यावर पांढरी टोपी, आवाज असा की पलीकडच्या एक्स-रेवाल्याने दार लावून घ्यावं. अंगावरून वारं गेलं होतं. हात सुधारला, पायही सुधारला, पण दम म्हणून राहिला नाही. सायकलवर बसवलं की लगेच उतरायचे. "पायमा जीव नई." मी रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली; आबा हलतील तर शपथ! दोन वर्षं केळी, म्हशी, पाण्याच्या पाळ्या सगळं त्यांची बायको एकटी ओढत होती. वर त्यांना रिक्षाने आणून बाहेरच्या बाकावर बसायची ती वेगळीच.

त्यातच नाशिककडची एक मुलगी आमच्याकडे संशोधन करायला आली. डोक्याला बाहेरूनच अगदी हलका करंट दिला, तर व्यायामाचा शीण कमी वाटतो का, हे तिला पाहायचं होतं. टोचणं नाही, चिरणं नाही. दोन ओले स्पंज, एक पट्टा आणि पाकिटाएवढी पेटी. काहींना खरा करंट मिळणार, काहींना नुसता देखावा, आणि कोणाला काय मिळालं ते शेवटी सांगणार, हे तिने आबांना नीट समजावलं. आबांनी मान डोलावली. पण आपला करंट खोटा असेल ही शंका त्यांच्या मनाला शिवलीच नाही. डोक्याला चुणचुण लागायची ना!

आणि काय सांगू, माणूसच पालटला. सायकलवरून उतरा म्हणून आम्हालाच विनवण्या कराव्या लागायच्या. तुम्ही त्यांना तेव्हा पाहायला हवं होतं. गावात जो भेटेल त्याला करंटचं कौतुक. चावडीवर म्हणे त्यांनी उठाबशा काढून दाखवल्या.

काम संपल्यावर त्या मुलीने सगळ्यांना सांगितलं. आबांची पेटी नुसत्या देखाव्याची होती. सुरुवातीला जरा चुणचुण देऊन ती बंद व्हायची, खरं-खोटं ओळखू येऊ नये म्हणून.

आबा हसले नाहीत. टोपी नीट केली, परत नीट केली. मग हळूच, पहिल्यांदाच इतक्या हळू, मला विचारलं, "मंग दोन साल मी सोंग करी ऱ्हायंतू का?"

मी हो-नाही करत समजावू लागले. शीण कधी येतो ते मेंदू ठरवतो. एकदा धसका खाल्लेला मेंदू लवकर थांबा म्हणतो, भरवसा मिळाला की जरा सैल सोडतो. ते सोंग नव्हे. आबा ऐकत होते, पण त्यांची नजर दाराबाहेर होती. तिकडे बाकावर बायको भिंतीला डोकं टेकून पेंगत होती. जाताना एवढंच म्हणाले, "घरमा सांगू नका." मला त्या मुलीचा राग आला. पण तिने तरी काय केलं होतं?

पुढच्या आठवड्यात बायकोनेच त्यांना दंडाला धरून आत आणलं. जेवत नाहीत, माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, तुम्ही काय सांगितलंत यांना, असं तिने मला खडसावलं. मी आबांकडे पाहिलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि स्वतःच सांगितलं. करंट नव्हता. पाय धड होता. तू मरमर राबत होतीस आणि मी खाटेवर पडून होतो. बोलताना त्यांचे कान लाल झाले होते, आणि खरं सांगते, मलाच तिथे उभं राहवेना.

 ती त्यांच्याशी नाही, माझ्याशी बोलली. रात्री कूस बदलताना यांचा तो पाय मागे राहायचा, म्हणाली. गाढ झोपेत असायचे. मी उठून तो उचलून ठेवायची, तरी यांना जाग नसायची.

"झोपमा कोन सोंग करस, ताई?"

आबांनी टोपी काढून तोंडावर धरली. खांदे हलत होते. तिने त्यांना रडू दिलं, मीही दिलं. वाटलं, आता ओझं उतरलं असेल. पण टोपी खाली आली तेव्हाही त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं.

त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत. शेतात जातात असं ऐकते. मला दिसतात ते त्या दिवशी निघतानाचे आबा. तिने बाजाराची पिशवी उचलली, ती त्यांनी तिच्या हातातून काढून घेतली आणि मान खाली घालून रस्त्याला लागले. मागून ती चालत होती, आणि रिकाम्या हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं.